चार पौंडांचा पगार आणि पॉप्लरचे करदाते

२९ जुलै १९२१ रोजी लंडन शहराच्या पूर्व भागातून एक मिरवणूक निघाली. पुढे नगरपालिकेचा राजदंड घेतलेला शिपाई, त्याच्या मागे गळ्यात अधिकाराची साखळी घातलेले महापौर, त्यांच्या मागे नगरसेवक आणि त्यांच्यामागे हजारो माणसे. पॉप्लर बरोचे कौन्सिल पाच मैल चालत उच्च न्यायालयाकडे निघाले होते. फलकावर लिहिले होते की, हे कौन्सिल न्यायालयाकडे जात आहे आणि तेथून कदाचित तुरुंगाकडे जाईल. पाच आठवड्यांनी तसेच झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीस नगरसेवकांना अटक झाली. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात गेले, पाच स्त्रिया हॉलोवेच्या.

नगरसेवक तुरुंगात जाणे ही आता कोणाला अपूर्वाई वाटणार नाही. पण हे लोक पैसे खाल्ल्याबद्दल गेले नव्हते, कर वसूल करून वरच्या संस्थांना देण्याचे नाकारल्याबद्दल गेले होते. ही हकिगत इंग्लंडच्या इतिहासात प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर पुस्तकेही झाली आहेत. तिच्या पाठोपाठ झालेला दुसरा खटला त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक असतो. तो नगरपालिकेच्या नोकरांच्या पगाराचा होता. घरपट्टीचे बिल हातात पडले की आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर जे वाक्य ऐकू येते, "अहो, निम्मा पैसा यांच्या पगारातच जातो," त्याच वाक्याचा तो खटला होता. मला आज त्याच्याविषयी लिहायचे आहे. पण पहिली हकिगत सांगितल्याखेरीज दुसरी समजत नाही.

पॉप्लर म्हणजे गोद्यांचा भाग. वस्ती दीड लाखाच्या वर. बहुतेक लोक जहाजांवरचा माल उतरवणारे, गॅसच्या कारखान्यात किंवा रेल्वेच्या यार्डात राबणारे, आणि हंगाम नसेल तेव्हा घरी बसणारे. १९१९ च्या नोव्हेंबरात येथे निवडणूक झाली आणि बेचाळीसपैकी एकोणचाळीस जागा मजूर पक्षाने जिंकल्या. जॉर्ज लॅन्सबरी हे पक्षाचे येथले पहिले महापौर. 'डेली हेरल्ड'चे संपादक म्हणून त्यांचे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला परिचयाचे असे. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक विलायतेत होते तेव्हा मजूर पक्षाशी त्यांनी जो संबंध जोडला, त्या पक्षाच्या हिंदुस्थानविषयी आस्था असलेल्या गटात लॅन्सबरी होते. पुढे १९२५ साली अ‍ॅनी बेझंट यांच्या पुढाकाराने तयार झालेले स्वराज्याचे बिल पार्लमेंटात मांडले तेही त्यांनीच. आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी ज्या किंग्जली हॉलमध्ये उतरले, ते याच पॉप्लर बरोच्या बो भागात. असो.

लंडनची तेव्हाची व्यवस्था अशी होती. शहराचे अठ्ठावीस बरो, म्हणजे अठ्ठावीस नगरपालिका. प्रत्येकीने आपल्या हद्दीतल्या घरांच्या भाडेमूल्यावर पौंडामागे इतके शिलिंग-पेन्स असा कर बसवायचा. हा कर म्हणजे 'रेट', आपली घरपट्टीच. पौंडामागे एक पेनी कर बसवला तर श्रीमंत वेस्टमिन्स्टरच्या तिजोरीत एकतीस हजार पौंडांवर रक्कम जमे. पॉप्लरमध्ये तोच एक पेनी बसवला तर साडेतीन हजारांच्या थोडी वर. आणि बेकारांना, विधवांना, म्हाताऱ्यांना जगवण्याचा खर्च मात्र ज्याने त्याने आपल्याच हद्दीत उचलायचा. म्हणजे जिथे गरीब जास्त तिथे कर जास्त, आणि तो कर भरणार कोण, तर तेच गरीब. छोट्या घरांचा कर मालक भरत आणि भाड्यात वसूल करत, त्यामुळे भाडेकरूला करवाढ दिसत नसे, भाडेवाढ दिसे. शिवाय काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि इस्पितळे चालवणारे मंडळ, या साऱ्या लंडनसाठीच्या चार संस्थांचा वाटाही बरोने वसूल करून द्यायचा.

१९२१ मध्ये बेकारीची लाट आली. मार्चमध्ये पॉप्लरने ठराव केला की या चार संस्थांचा वाटा आम्ही यंदा वसूलच करणार नाही. मग न्यायालय आणि तुरुंग. तुरुंगात असताना कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टनमध्येच भरू लागल्या. हॉलोवेहून स्त्री सभासदांना मोटारीतून आणले जाई. लॅन्सबरी संध्याकाळी खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांपुढे भाषण करीत. शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीननेही तसेच ठराव केले, तेव्हा सरकारचे धाबे दणाणले. १२ ऑक्टोबरला सगळे सुटले आणि त्याच वर्षी कायदा होऊन गरिबांच्या मदतीचा खर्च बऱ्याच अंशी साऱ्या लंडनवर वाटला गेला. वेस्टमिन्स्टरच्या पेनीचा थोडा भाग पॉप्लरला मिळू लागला. लॅन्सबरींची सून मिनी, वय अवघे बत्तीस, सुटकेनंतर आजारी पडली आणि १ जानेवारी १९२२ रोजी वारली. बो रोडवर तिच्या नावाचे घड्याळ आजही आहे.

हा विजय. आता दुसरा खटला.

१९२० साली, म्हणजे तुरुंगवासाच्या आधीच, पॉप्लरच्या कौन्सिलने एक ठराव करून ठेवला होता. आमच्या प्रौढ नोकराला आठवड्याला किमान चार पौंड पगार मिळेल. काम कोणतेही असो, पुरुष असो वा स्त्री. रस्ता झाडणारा, गटार उपसणारा, सार्वजनिक स्नानगृहात काम करणारी बाई, सगळ्यांना चार पौंडांच्या खाली नाही. १९२० अखेर महागाई शिगेला पोचली होती, त्यामुळे चार पौंड फार वाटत नव्हते. पण पुढच्या दीड वर्षात किमती झपाट्याने उतरल्या. देशभर मजुरी कापली जाऊ लागली. इतर बरोंनी आपल्या कामगारांचे पगार संघटनांशी झालेल्या करारानुसार उतरत्या निर्देशांकाबरोबर खाली आणले. पॉप्लरने चार पौंड ते चार पौंडच ठेवले. कौन्सिलची भूमिका साधी होती. सरकारी संस्था हा आदर्श मालक असला पाहिजे. बाजारात माणूस किती स्वस्त मिळतो हे पाहून पगार ठरवायचा असेल तर आम्हाला निवडून कशासाठी दिले?

येथे करदात्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. हा करदाता सगळाच काही गोद्यांची कंपनी नव्हता. कोपऱ्यावरचा पाववाला, चांभार, दोन खोल्या भाड्याने देऊन जगणारी विधवा हेही करदातेच. स्वतः आठवड्याला तीन पौंडही न मिळवणारा दुकानदार झाडूवाल्याच्या चार पौंडांसाठी कर भरत होता. त्याला हे अन्यायाचे वाटले तर त्याला भांडवलदार म्हणून भागत नाही. पॉप्लरमधल्या करदात्यांनी आपली आघाडी उभी केली आणि मजूर पक्षातही सगळे लॅन्सबरींच्या मागे नव्हते. हॅक्नीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन यांना हा मार्ग मुळीच पसंत नव्हता; असल्या हट्टाने पक्षाची पत जाते असे त्यांचे मत. इंग्रजीत 'पॉप्लरिझम' हा शब्दच तयार झाला. विरोधकांच्या तोंडी तो उधळपट्टीला दिलेली शिवी होता, पॉप्लरकरांच्या तोंडी बिरुद. १९२२ साली त्यांनी आपल्या समर्थनाची जी पुस्तिका काढली तिचे नावच होते, आम्ही दोषी आहोत आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

सरकारी ऑडिटर कार्सन रॉबर्ट्स यांनी ३१ मार्च १९२२ ला संपलेल्या वर्षाचे हिशेब तपासायला घेतले. युद्धापूर्वीचा पगार, त्यावर महागाईची वाढ, असा त्यांनी प्रत्येक जागेचा रास्त पगार काढला आणि त्याहून वर दिलेली रक्कम पाहिली. त्यातून ५,००० पौंड त्यांनी नामंजूर केले आणि ते नगरसेवकांनी आपल्या खिशातून भरावेत असा आदेश दिला. ज्यांच्या घरी आठवड्याचा बाजार उधारीवर चाले अशा माणसांवर पाच हजार पौंडांची वसुली!

कायद्यातले शब्द कौन्सिलच्या बाजूचे होते. १८५५ च्या लंडनच्या कारभाराच्या कायद्यात म्हटले होते की कौन्सिलने आपल्या नोकरांना त्याला योग्य वाटेल ते वेतन द्यावे. 'योग्य वाटेल ते', एवढ्या तीन शब्दांभोवती हा खटला फिरला. पहिल्या न्यायालयाने ऑडिटरचे म्हणणे उचलून धरले, अपील न्यायालयाने कौन्सिलचे. शेवटी प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठापुढे गेले आणि एप्रिल १९२५ मध्ये निकाल लागला. लॉर्ड बक्मास्टर, लॉर्ड अ‍ॅटकिन्सन, लॉर्ड सम्नर, लॉर्ड रेनबरी यांच्यासारखे विधिज्ञ एकमताने म्हणाले की, 'योग्य वाटेल ते' याचा अर्थ 'मनाला येईल ते' नव्हे. नगरपालिका दुसऱ्याचा पैसा खर्च करते; करदात्यांच्या पैशाची ती विश्वस्त असते. कामाचे स्वरूप, बाजारातला दर, जगण्याचा खर्च यांतले काहीही न पाहता एक आकडा धरून तो सगळ्यांना लावला, तर त्यातला जादा भाग वेतन राहत नाही, ती बक्षिसी होते. लॉर्ड अ‍ॅटकिन्सन याहून पुढे गेले. समाजवादी परोपकाराच्या विक्षिप्त कल्पना आणि स्त्रीपुरुषांना समान मजुरी मिळावी ही स्त्रीवादी आकांक्षा, यांच्या आहारी कौन्सिल गेले अशा अर्थाचे ताशेरे त्यांनी ओढले. त्यांच्या निकालपत्रातला तो परिच्छेद आज कायद्याचे विद्यार्थी वाचतात आणि हसतात. पण बाकीचा निकाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करदात्याच्या पैशाचे विश्वस्त हे तत्त्व पुढे टिकले. १९८१ साली लंडनच्या कौन्सिलने कर वाढवून बस आणि भुयारी रेल्वेची भाडी कमी केली तेव्हा याच तत्त्वावर लॉर्ड्सनी तो निर्णय बेकायदा ठरवला, आणि पॉप्लरच्या खटल्याचा त्यात दाखला निघाला.

१९२५ नंतर पॉप्लरला पगार खाली आणावे लागले.

या निकालाकडे पाहताना माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. न्यायाधीशांचा एक मुद्दा मला मान्य आहे: नगरसेवकाने पगार ठरवताना हिशेब मांडला पाहिजे. बाजारभाव घसरला, कामगार कराराने कमी मागतो आहे, आणि तरी आम्ही जुन्याच आकड्याला चिकटून राहू, याला धोरण म्हणणे अवघड. पण न्यायालयासमोर एकच ताजवा होता. एका पारड्यात पॉप्लरच्या नोकराचा पगार, दुसऱ्यात पॉप्लरच्याच करदात्याचा खिसा. वेस्टमिन्स्टर त्या ताजव्यात कुठेच नव्हते. पॉप्लरच्या झाडूवाल्याचा पगार पॉप्लरच्या पेनीवर टाकला तर तो डोंगर दिसतो. साऱ्या लंडनच्या पेनीवर टाकला तर तो जेमतेम उंचवटा ठरतो. १९२१ च्या तुरुंगवासाने जी गोष्ट सिद्ध केली ती १९२५ च्या निकालात हरवली. हद्द कुठे आखली आहे यावर पगार 'परवडतो की नाही' हे ठरत होते, आणि हद्द आखणारे पॉप्लरचे नव्हते.

सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कर्नाटकाने १९७९ साली जकात बंद केली. जकातनाक्यावरच्या रांगा गेल्या, व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर आमच्या नगरपालिकांची रोजची रोकड गेली आणि पगाराच्या तारखेला बंगळूरच्या अनुदानाची वाट पाहणे आले. पलीकडे कोल्हापुरात त्यानंतरही कितीतरी वर्षे जकात चालू राहिली. दोन्ही शहरांत झाडू मारण्याचे काम एकच, पहाटेची वेळ एकच. पगाराला लागणारा पैसा मात्र वेगवेगळ्या झऱ्यातला.

आणि झाडू या विषयावर आमच्या गावाची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉर्ड्सचा निकाल लागण्याआधी अवघे तीन-साडेतीन महिने, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावला काँग्रेस भरली होती. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकदाच, आणि ते येथे. त्या अधिवेशनात पांढरपेशा घरांतल्या स्वयंसेवकांनी शौचकूप साफ केले, त्याचे कौतुक आजही होते आणि व्हावेच. पण सेवेला पगारपत्रक नसते. अधिवेशन संपले, स्वयंसेवक घरी गेले आणि झाडू पुन्हा पिढीजात हातांत गेला. त्या हातांच्या मजुरीचा प्रश्न वेगळा होता. तो हाती घेतला डॉ. आंबेडकरांनी. १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकाराने.

त्याच मुंबईत पुढे कचरा उचलण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले, कारण कायम कामगार महाग. करदात्याला हे पटते. मलाही एके काळी पटले होते. वर्षानुवर्षे माणसे तेच काम, तेच मुकादम, तीच गाडी, पण हजेरी कंत्राटदाराच्या वहीत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने भांडण लावून धरले. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगार महापालिकेचेच कायम कामगार आहेत असा निवाडा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. वाचवलेला पगार वाचला नव्हता, त्याचे देणे फक्त पुढे ढकलले गेले होते. दरम्यान त्यातले काही जण वारले.

हे पुढे ढकलणे म्हणजे काय असते हे अलीकडे सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसले ते पुन्हा इंग्लंडातच, बर्मिंगहॅममध्ये. आणि तेथे लॉर्ड अ‍ॅटकिन्सन यांना विक्षिप्त वाटलेली ती स्त्रीपुरुष समान मजुरीची आकांक्षाच केंद्रस्थानी होती. तोपर्यंत ती आकांक्षा कायदा झाली होती. ब्रिटिश पार्लमेंटने १९७० साली समान वेतनाचा कायदा केला, आपल्याकडे तो १९७६ मध्ये आला. बर्मिंगहॅमच्या महापालिकेत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, थडगी खणणारे पुरुष आणि शाळांत स्वयंपाक करणाऱ्या, कार्यालये पुसणाऱ्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका एकाच श्रेणीत होत्या. मूळ पगार सारखा. पण पुरुषांच्या कामांना निरनिराळे बोनस चिकटलेले, बायकांच्या कामांना नाहीत. कोणी ठरवून अन्याय केला असेही म्हणता येणार नाही. पुरुषांच्या संघटना बळकट होत्या, त्यांनी एकेक भत्ता पदरात पाडून घेतला, आणि बायकांच्या पाळीला तिजोरीत पैसे नाहीत असे उत्तर मिळाले.

मग बायका न्यायालयात गेल्या. नोकरी सोडून गेलेल्या १७४ जणींचा दावा वेळेत आहे की नाही हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या जिंकल्या. त्यानंतर दाव्यांची रीघ लागली. महापालिकेने काही वर्षांत सुमारे १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम भरपाईपोटी दिली. त्यासाठी राष्ट्रीय प्रदर्शन केंद्र विकले. तरी देणे संपेना. ५ सप्टेंबर २०२३ रोजी, युरोपातली सर्वांत मोठी म्हणवणाऱ्या या महापालिकेने अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद करत असल्याची नोटीस काढली. आपल्या भाषेत सांगायचे तर दिवाळे जाहीर केले. समान वेतनाचे उरलेले देणे तेव्हा ६५ ते ७६ कोटी पौंडांच्या दरम्यान धरले होते. सगळा दोष त्या दाव्यांचा नव्हता. केंद्र सरकारचे अनुदान २०१० नंतर आटत गेले होते, आणि संगणकाच्या नव्या हिशेबप्रणालीवर घातलेला पैसाही वाया गेल्यात जमा होता. पण वर्तमानपत्रांतून गाजले ते बायकांचे दावे. शहर बुडवले ते स्वयंपाकिणींनी, असा सूर निघाला.

मला त्या सुराची चीड येते. तीस-चाळीस वर्षे या बायकांनी दर आठवड्याला काही पौंड कमी घेतले. तेवढ्याने त्या शहराचा कर दरवर्षी थोडा कमी राहिला. म्हणजे त्या गावच्या सर्वांत मोठ्या करदात्या त्याच होत्या, फक्त त्यांच्या नावाची पावती फाडली जात नव्हती. वकिलाने पावती मागितली तेव्हा साऱ्यांना धक्का बसला. आणि ती रक्कम भरली कोणी? ज्यांनी त्या स्वस्त वर्षांचा फायदा घेतला त्यांतले किती तरी शहर सोडून गेले होते वा वारले होते. २०२४ मध्ये बर्मिंगहॅमचा कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, २०२५ मध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास. वाचनालये, तरुणांची केंद्रे, नाट्यसंस्थांची मदत यांवर कात्री चालली.

एवढ्यावर भागले नाही. खर्च कमी करण्यासाठी आणि पुन्हा समान वेतनाचे दावे होऊ नयेत म्हणून महापालिकेने कचरागाड्यांवरची एक वरची जागा रद्द केली. ज्या पुरुषांना एकेकाळी बोनस मिळत होते त्यांच्यातल्याच काहींचा पगार आता उतरणार होता. ११ मार्च २०२५ पासून कचरा कामगार बेमुदत संपावर गेले. महिनाअखेर महापालिकेनेच जाहीर केले की १७,००० टन कचरा रस्त्यांवर पडून आहे. रस्त्याच्या कडेला काळ्या पिशव्यांचे ढीग, त्यांत मांजराएवढे उंदीर, अशी वर्णने इंग्रजी पत्रांत येत राहिली. महापालिका वेगवेगळ्या भागांत फिरत्या गाड्या पाठवी. करवाढीची बिले नुकतीच मिळालेले लोक सकाळी आपापल्या पिशव्या हातात घेऊन, कोणी मुलांच्या बाबागाडीत घालून, त्या गाड्यांपुढे रांगा लावत होते.